घरच्या घरी चांदीची साखळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार भागात चांदी म्हणजे करदोडा, तोडे, वाळे आणि साखळ्या. हे सगळे पेढीवर मिळते, पण स्वतःच्या हाताने कडी वळवून साखळी करायची इच्छा बऱ्याच जणांना असते. त्यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. मोजमाप सगळीकडे गोल कड्यांच्या साध्या साखळीचे धरले आहे. ती नीट जमली की बाकीचे प्रकार तिच्यातूनच निघतात.

पहिल्यांदा किती चांदी घेऊ?

चांदी घेऊच नका. आधी १ मिमी जाडीची तांब्याची दोन-तीन मीटर तार घ्या आणि पन्नास कड्या वळवा, कापा, मिटवा, झाळा (म्हणजे आच देऊन सांधा जोडा). तांबे चांदीपेक्षा बऱ्याच जास्त उष्णतेला वितळते, म्हणून शिकाऊ हाताला ते सांभाळून घेते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी तार चालेल, पण तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. तो सँडपेपरने पूर्ण खरवडा. आचेवर जाळून काढाल तर घाणेरडा धूर होतो आणि सांध्यावर काजळी बसून डाख, म्हणजे सांधा जोडणारा वितळता धातू, धरत नाही. पन्नासपैकी पंचेचाळीस कड्या सांधा न दिसता जोडल्या गेल्या की मग सराफाची पायरी चढा.

४५ सेंमी साखळीला तार किती लागेल?

तार १ मिमी आणि कडीची आतली रुंदी ४ मिमी धरू. साखळीत प्रत्येक कडी लांबीत आपल्या आतल्या रुंदीएवढीच भर घालते, बाहेरच्या नाही. इथे बरेच जण चुकतात आणि साखळी आखूड पडते. ४५० भागिले ४ म्हणजे ११२ कड्या. एका कडीची तार ३.१४ × (४ + १), म्हणजे १५.७ मिमी. ११२ कड्यांना पावणेदोन मीटरपेक्षा थोडी जास्त तार होते. ९२५ चांदीची (९२५ म्हणजे काय ते पुढच्या प्रश्नात आहे) १ मिमी तार मीटरला साधारण ८.१ ग्रॅम भरते, म्हणजे कड्यांचे वजन सव्वाचौदा ग्रॅमच्या आसपास. फासा, आकडा, करवतीचा भुसा आणि बिघडलेल्या कड्या धरून १८ ते २० ग्रॅम घ्या.

०.८ मिमी तार मीटरला ५.२ ग्रॅम, १.२ मिमी तार ११.७ ग्रॅम. म्हणजे १.२ मिमीची मीटरभर तार जवळजवळ बरोबर एक तोळा होते. हा हिशेब लक्षात ठेवला की तराजू नसतानाही अंदाज चुकत नाही.

चांदी किती टंचाची, म्हणजे किती शुद्ध असावी?

डाख लावून करायच्या साखळीला ९२५, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि ७५ भाग तांबे. शुद्ध चांदी मऊ असते. तिच्या बारीक कड्या वापरात ताणून लांबट होतात. ९२५ ची तयार तार मागताना ती नरम आहे की कडक तेही विचारा, कड्या वळवायला नरम हवी.

स्वतः मिश्रण करायचे असेल तर १०० ग्रॅम शुद्ध चांदीला ८.१ ग्रॅम तांबे लागते, ७.५ नाही. टक्का एकूण वजनावर धरायचा असतो. आणि 'जर्मन सिल्व्हर' नावावर जाऊ नका. ते तांबे, निकेल आणि जस्ताचे मिश्रण आहे, त्यात चांदी गुंजभरही नसते.

जुने दागिने वितळवून घरीच तार ओढता येईल का?

येईल, पण पहिल्या वर्षी नको. स्वयंपाकघरातल्या छोट्या ब्यूटेन टॉर्चवर वीस ग्रॅम चांदी नीट पातळ होत नाही. अर्धवट वितळलेली ओतली की सळईत पोकळ्या राहतात आणि तार जंत्रीतून (लहान-लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून) ओढताना बरोबर तिथेच तुटते. शिवाय जुन्या दागिन्यात डाख भरपूर असतो, त्यामुळे टंच किती उतरला ते कळत नाही. मोड, म्हणजे हे जुने दागिने, सराफाला दाखवा, टंच काढून घ्या आणि त्याबदली तार घ्या.

सळई तयार मिळाली तर तार ओढणे घरी जमते. सळईचे टोक कानशीने निमुळते करा, तारेला मेण चोळा, जंत्रीच्या एकेका भोकातून सरळ ओढा. भोक गाळू नका. तीन-चार भोकांनंतर तार कडक होते, तेव्हा तापवून नरम करा. ३ मिमीची सळई १ मिमीवर आणली की लांबी नऊपट होते, तेव्हा ओढायला जागाही तेवढी ठेवा.

नरम करायला किती तापवायची?

६०० ते ६५० अंश, म्हणजे अंधाऱ्या खोलीत जेमतेम दिसेल असा मंद लाल रंग येईपर्यंत. 'अंधाऱ्या' हा शब्द महत्त्वाचा. चैत्र-वैशाखात दुपारी दार उघडे ठेवून बसलात तर तो लाल रंग डोळ्याला दिसतच नाही. माणूस आच वाढवत जातो आणि ९२५ चांदी ८०० अंशांच्या पुढे मऊ पडून कड्यांचा गोळा होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम पहाटे किंवा दिवेलागणीनंतर करा. दुसरी खूण म्हणजे तारेवर परमनंट मार्करची रेघ ओढून ठेवायची. ती उडाली की आच काढायची. तार सैल वेटोळे करून बांधा, सुटी टोके आधी वितळतात.

लाली गेल्यावरच पाण्यात टाका.

कोणती हत्यारे लागतील?

कमीत कमी यादी लहान आहे. भरता येणारा ब्यूटेन टॉर्च, दोन सपाट तोंडाचे पक्कड (आतून दाते नसलेले, नाहीतर प्रत्येक कडीवर ओरखडे), सोनारी करवत आणि ३/० किंवा ४/० नंबरची पाती, बारीक कानस, टोकदार चिमटा, उष्णता सहन करणारी मऊ वीट किंवा कोळशाचा सपाट तुकडा, आणि कड्या वळवायला ४ मिमीची सळई. ४ मिमीची विणकामाची सुई उत्तम चालते, मात्र लाकडी किंवा प्लॅस्टिकची नको, स्टीलची हवी.

डाख लावताना खाली घरातली फरशी किंवा सिमेंटचा कोबा नको. आतल्या ओलाव्याची वाफ होऊन कपचे उडतात. बाजारातला कोळसाही पहिल्या आचेला फुटतो, म्हणून वापरण्याआधी एकदा नुसताच तापवून घ्या. आणि ब्यूटेनचा डबा पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवर ठेवू नका. डब्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि मे महिन्यात आपल्या पत्र्याखाली ती गाठायला वेळ लागत नाही.

कड्या सारख्या कशा येतील?

सुईवर आधी कागदाची एक घडी गुंडाळा, मग तार घट्ट, एकाला एक लागून वळवा. मध्ये फट राहिली की कडी तिरकी होते. वेटोळे सुईवर अडकले तर कागद जाळून टाका, ते सैल निघते. तार थोडी उसळी घेते, त्यामुळे ४ मिमीच्या सुईवरची कडी आतून किंचित मोठीच येते.

कापायला करवत वापरा. कापायच्या पकडीने तारेचे टोक चिमटल्यासारखे होते आणि दोन टोके मिटवली की मध्ये त्रिकोणी फट उरते. करवतीने दोन्ही टोके सपाट येतात. वेटोळे लाकडी पट्टीवर धरून लांबीच्या दिशेने सरळ कापा, पात्याला मेण लावा, जोर लावू नका. बारीक पाती तुटतात ती घाईने. पहिल्या दिवशी सात-आठ पाती तुटली तरी वाईट वाटून घेऊ नका, डझनानेच आणा.

कडी उघडताना तिचा आकार बिघडतो. का?

टोके बाहेरच्या बाजूला फाकवता म्हणून. कडी दोन पकडीत धरून एक टोक पुढे, एक मागे अशी पिळा. मिटवतानाही तसेच, पण टोके एकमेकांना किंचित ओलांडून मागे आणा, म्हणजे ती दाबून बसतात. मिटवलेली कडी दिव्यासमोर धरा. सांध्यातून उजेड दिसला तर ती झाळण्यायोग्य नाही. डाख फट भरत नाही, तो फक्त टेकलेल्या दोन पृष्ठभागांमध्ये शिरतो. साखळ्या तुटतात त्यातल्या बहुतेक इथेच तुटतात, आणि लोक मात्र दोष टॉर्चला देतात.

११२ कड्या एकामागे एक झाळायच्या का?

नाही. अर्ध्या कड्या सुट्याच मिटवून झाळून टाका. ते सोपे असते, कारण शेजारी दुसरी कडी नसते. मग:

५६ बंद कड्या तयार ठेवा. २८ उघड्या कड्या घेऊन प्रत्येकीत दोन बंद कड्या ओवा आणि झाळा. तीन-तीनचे २८ तुकडे होतील. १४ कड्यांनी ते जोडा, सात-सातचे १४ तुकडे. ७ कड्यांनी जोडा, पंधरा-पंधराचे ७ तुकडे. उरलेल्या ६ कड्यांनी ते सात तुकडे जोडा, १११ झाल्या. शेवटची एक फाशासाठी. या रीतीने लांब साखळी हातात लोंबत असताना करायचे सांधे फक्त सहा उरतात.

डाख कोणता घ्यायचा?

चांदीचा डाख चांदीचाच असतो, त्यात तांबे आणि जस्त मिसळलेले असते. ७५ टक्के चांदीचा कडक डाख ७९० अंशांच्या आसपास वाहतो. ९२५ चांदी वितळायला लागण्याच्या तो इतका जवळ आहे की नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ७० टक्क्यांचा मध्यम डाख ७४० च्या जवळपास वाहतो, साखळीला तोच बरा. ६५ टक्क्यांचा त्याहून हलका असतो, तो दुरुस्तीसाठी ठेवा.

सात भाग चांदी आणि तीन भाग पितळ वितळवले की साधारण मध्यम डाख तयार होतो. आधी चांदी पातळ करा, पितळ शेवटी टाका. उलट केले तर जस्त जळून पांढरा धूर निघतो. तो धूर नाकात गेला तर संध्याकाळी थंडी-ताप भरतो, आणि डाखातले जस्त गेल्यामुळे तो वाहतही नाही.

कॅडमियम असलेला डाख फुकट मिळाला तरी घेऊ नका. सोन्यात 'केडीएम' म्हणतात ते हेच कॅडमियम. त्याचा धूर फुप्फुसाला घातक आहे आणि घरात, मुलाबाळांत बसून करायच्या कामात त्याला जागा नाही.

डाख पळतो, गोळी होऊन बसतो, किंवा एकाच बाजूला चढतो. काय चुकते?

तीन वेगळी दुखणी आहेत.

पळतो ते सवागीमुळे, म्हणजे टाकणखारामुळे. कच्च्या टाकणखारात पाणी असते. एकदम आच दिली की तो लाहीसारखा फुगतो आणि डाखाचा तुकडा उडवून देतो. एकतर तव्यावर आधी लाही करून बारीक वाटा, नाहीतर ज्योत लांब धरून सुरुवातीला हळू तापवा. फुगणे बसले, पांढरे पडले की जवळ या. पाण्यात कालवलेली सवागी दुधाएवढी पातळ हवी. दह्याएवढी नको.

गोळी होतो तेव्हा डाख तापलेला असतो आणि कडी थंड असते. ज्योत डाखावर नाही, कडीवर फिरवा. डाख नेहमी जास्त तापलेल्या भागाकडे धावतो. म्हणूनच तो एका बाजूला चढतो: सांध्याची एक बाजू तुम्ही जास्त तापवलेली असते. ज्योत सांध्याच्या समोरच्या बाजूने सुरू करून दोन्हीकडून सारखी आणली की डाख सांध्यात चमकन रेघ होऊन पसरतो. ती चमक दिसताच आच काढा. आणखी एक क्षण थांबलात तर कडी खचते.

तुकडा अर्धा मिमी लांब, अर्धा मिमी रुंद. खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान. सगळ्या साखळीला डाख ग्रॅमचा दशांशसुद्धा लागत नाही. सांध्यावर गाठ दिसते ती जास्त डाखाची असते, आणि पुढे तासभर कानस घासायला लावते.

झाळताना पंखा बंद. कुलर तर नक्कीच बंद.

एक कडी झाळताना शेजारची चिकटते. उपाय?

गेरू. रांगोळीच्या सणाला अंगण सारवतो तोच. पाण्यात घट्ट कालवून शेजारच्या कड्यांच्या सांध्यांवर बारीक काडीने लावा आणि वाळू द्या. गेरूवर डाख धरत नाही. तो चुकून झाळायच्या सांध्यात गेला तर तिथेही धरणार नाही, म्हणून हात जपून. झाळून झाल्यावर आम्लात टाकण्याआधी गेरू ब्रशने धुऊन काढा.

तेजाब न वापरता चांदी पांढरी करता येते का?

हो, आणि घरी तेच करा. पाव लिटर गरम पाण्यात ३० ते ४० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. साखळी त्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवली की सवागीची काच आणि तांब्याचा काळा थर दोन्ही निघतात. पाणी गरम असू द्या, उकळते नको. तुरटीच्या कढत पाण्यानेही काम होते, वेळ जास्त लागतो.

साखळी काढायला बांबूचा किंवा प्लॅस्टिकचा चिमटा घ्या. लोखंडी चिमटा बुडवला की पाण्यातले तांबे चांदीवर चढते आणि साखळी गुलाबी दिसायला लागते. वापरून निळे झालेले पाणी विहिरीजवळ किंवा झाडाला ओतू नका. आधी खाण्याचा सोडा टाका, फसफसणे थांबेपर्यंत.

धुताना शेवटचे पाणी फिल्टरचे घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार कड्यांच्या आत वाळतात आणि पांढरे ठिपके राहतात. लोक त्यालाच डाखाचा दोष समजतात.

घासून चमकवल्यावर जांभळट-करडे डाग दिसतात. ते काय?

९२५ मधले तांबे पृष्ठभागाखाली जळलेले असते. लिंबूसत्त्वाने हे डाग जात नाहीत, ते आत असतात. झाळण्याआधी सगळ्या कडीला सवागी लावणे आणि आच थोडक्यात आवरणे हा एक उपाय. दुसरा जुना: साखळी मंद तापवून आम्लात टाकायची, धुवायची, असे चार-पाच वेळा करायचे. दर वेळी वरचे तांबे निघून जाते आणि शेवटी अंगावर शुद्ध चांदीची पातळ साय येते. त्यानंतर कानस लावू नका, साय निघून जाईल.

चमक कशी आणायची?

रिठ्याच्या पाण्यात पितळी तारांच्या मऊ ब्रशने घासा. हाताने केलेल्या साखळीला ही शांत, पांढरी चमक शोभते. आरशासारखी हवी असेल तर स्टीलच्या गोळ्यांच्या फिरत्या डब्यात साबणाचा थेंब टाकून दोन-तीन तास फिरवा. त्याने कड्या थोड्या कडकही होतात. फिरत्या मोटरच्या बफावर सुटी साखळी धरू नका. ती चाकाला गुंडाळली जाते आणि बोटे सोबत नेते.

साखळी पक्की झाली की नाही, कसे तपासायचे?

एक टोक खिळ्याला अडकवा, दुसऱ्याला एक किलोचे वजन लटकवा, पाच मिनिटे थांबा. कच्चा सांधा इथे उघडतो. मग साखळी बोटांतून ओढा. कुठे टोचले तर तिथे सांधा वर आलेला आहे.

बाळासाठी करदोडा करायचा आहे. वेगळे काही?

एकही कडी नुसती मिटवून सोडू नका, फाशाचीसुद्धा. कंबरेच्या मापापुढे पाच सेंटीमीटर जास्तीच्या कड्या ठेवा, म्हणजे बाळ वाढेल तसा फासा पुढे सरकवता येतो. घुंगरू लावायचे तर बंद कडीत झाळून, कारण सुटलेले घुंगरू थेट तोंडात जाते. झोपत्या बाळाच्या गळ्यात साखळी घालू नका.

आजीचा तुटलेला करदोडा घरी झाळू का?

सांधा नीट पाहा. तिथे मऊ, करडा, नखाने ओरखडा उठणारा धातू असेल तर ती रेडिओ दुरुस्तीतल्या शिसे-कथलाची जोड आहे. तशा चांदीला चांदीच्या डाखाची आच दिली तर शिसे चांदीत खड्डे पाडते आणि चांगली कडी गमावता. तो धातू कानशीने मुळापासून काढा, किंवा ती कडीच काढून नवी घाला. सातपुड्यातल्या हाटात दिसणाऱ्या भारी जुन्या दागिन्यांच्या बाबतीत तर हात न लावलेला बरा. त्यांचा टंच आणि डाख दोन्ही वेगवेगळे असतात.

डाखाशिवाय साखळी होत नाही का?

होते, शुद्ध चांदीची. तिच्यात तांबे नसल्याने जळाचा थर येत नाही आणि ९६२ अंशांच्या सुमारास मिटलेली टोके एकमेकांत वितळून एकजीव होतात. अंगावर पाऱ्यासारखी झळाळी धावली की लगेच आच काढायची. अशा कड्या ओढून लांबट करतात, मध्ये दुमडतात आणि एकीच्या दोन डोळ्यांतून दुसरी ओवत जातात. त्यातून गोफासारखी भरीव साखळी होते. शेवटी ती लाकडाच्या फळीतल्या भोकातून ओढून सारखी करतात. ९२५ वर हा प्रयोग करू नका, टोके काळी पडतात आणि जुळत नाहीत.

शेतात घालून गेल्यावर साखळी एका दिवसात काळी झाली. चांदी खोटी आहे का?

बहुतेक वेळा नाही. भुरीसाठी गंधक फवारले असेल तर तेच कारण. गंधक आणि चांदी मिळून काळा थर तयार होतो. कांदा-लसूण सोलणे, अंडी आणि रबरबँडमध्ये गुंडाळून ठेवणे यांनीही हेच होते, फक्त हळू. भांड्यात ॲल्युमिनियमचा कागद अंथरा, त्यावर साखळी ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओता. काही मिनिटांत काळेपणा उतरतो आणि चांदी झिजत नाही. टूथपेस्टने घासू नका, ओरखडे राहतात. कानबाईच्या सणाआधी घरातली सगळी चांदी एकदम काढायची तर हीच रीत सोयीची.

बनवलेली साखळी ९२५ म्हणून विकता येईल का?

तार ९२५ असली तरी डाख ७० टक्क्यांचा आहे. १४ ग्रॅमच्या साखळीत निष्काळजीपणे ०.३ ग्रॅम डाख गेला तर टंच जवळजवळ अर्ध्या टक्क्याने उतरतो. हॉलमार्क परीक्षण केंद्रातच होतो, आणि त्यासाठी भारतीय मानक ब्युरोकडे विक्रेत्याची नोंदणी लागते. घरी ९२५ चा ठसा मारू नका. गिऱ्हाईकाला तार कोणती, डाख कोणता आणि वजन किती ते कागदावर लिहून द्या. मजुरी वजनावर नाही, कड्यांच्या संख्येवर लावा. ०.८ मिमी तारेच्या बारीक साखळीला चांदी कमी लागते आणि सांधे जास्त. वजनावर भाव लावलात तर जिथे कष्ट सर्वांत जास्त तिथेच पैसे सर्वांत कमी मिळतील.